प्रमाण कंबर

मनुष्य पाण्यात बुडतो याचे मुख्य कारण पाणी नसून परवानगीचा अभाव हे आहे. परवानगी घेऊन बुडालेला मनुष्य कागदोपत्री बुडालेला नसतो. त्याचे प्रकरण फक्त निकाली निघालेले असते. हे सत्य भंडारा जिल्ह्यात सन १९७४ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. सानगडीच्या पलीकडे डोंगाटोला म्हणून एक लहानसा टोला, म्हणजे वस्ती, आहे. तिथले ढिवर लोक तर पिढ्यान्‌पिढ्या तलावात उतरत, मासोळी धरत, शिंगाडे तोडत आणि एकही कागद न जोडता जिवंत बाहेर येत. अशा प्रकारे अनधिकृतपणे जिवंत राहणाऱ्यांची संख्या एकट्या डोंगाटोल्यात एकशे बारा होती. (यात लहान मुले धरलेली नाहीत, कारण ती मोजायला थांबत नाहीत.)

त्या वर्षी मुरारी नावाच्या माणसाचा पाय शिंगाड्याच्या वेलीत अडकला आणि तो गटांगळ्या खाऊ लागला. त्याचा चुलतभाऊ केवळराम याने बैलगाडीचा दोर सोडून फेकला आणि त्याला ओढून काठावर घेतले. मुरारीने पाणी ओकले, बिडी मागितली आणि गावापुरता विषय संपला. पण एक वरिष्ठ साहेब दौऱ्यावर होते, त्यांनी ही हकिकत जेवता जेवता ऐकली. साहेब विचारी होते. त्यांनी तिथल्या तिथे आदेश काढला की, प्रत्येक तलावाच्या काठी एक मजबूत दोर आणि फुगवलेली एक ट्यूब टांगून ठेवावी.

आदेश दीड ओळीचा होता. एवढासा आदेश फार दिवस एकटा राहू शकत नाही, त्याला सोबत लागते. पहिल्या वर्षी दोर मजबूत असल्याचा दाखला आला. दुसऱ्या वर्षी, हा दाखला देणाऱ्या माणसाला दोर ओळखता येतो, असा दाखला आला. मग ट्यूब फुगलेली असल्याचा पंचनामा आला आणि आतली हवा शासकीय नसल्यामुळे ती कुठून आणली याचा खुलासा आला. उतरणाऱ्याला पोहता येते असाही दाखला आला. (तो देणाऱ्या बाबूंना स्वतःला पोहता येत नसे. म्हणून अर्जदाराने त्यांच्या टेबलासमोर फरशीवर पालथे पडून हातपाय हलवून दाखवावेत, अशी सोय केलेली होती.) शिंगाडा ही मासोळी नाही असे एका खात्याचे पत्र, शिंगाडा हे धान नाही असे दुसऱ्या खात्याचे, आणि तलाव हे धरण नाही असे तिसऱ्याचे. शिवाय संस्थेचा ठराव, तलावाचा उतारा, आणि शेवटी अर्जदार गेल्या वर्षी बुडालेला नाही असे शपथपत्र, खुद्द अर्जदाराच्या सहीचे. असे एकंदर अकरा कागद झाले. बारावी वस्तू म्हणजे तो दोर आणि ती ट्यूब. ती काठावरच्या खुंटीला निमूटपणे टांगलेली असे आणि तिच्याकडे कोणी फारसे पाहत नसे.

केवळराम वलथरे हा डोंगाटोल्याच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. सातवी पास, अक्षर सुबक. कागदावर त्याचा मनापासून जीव होता. संस्थेचा शिक्का तो घरी देवाच्या फळीवर ठेवी आणि सकाळी उदबत्ती ओवाळताना देवांच्या बरोबरीने शिक्क्यालाही ओवाळी. अकरा कागद म्हणजे अकरा वडीलधारी माणसे आपल्या जिवाची काळजी वाहत आहेत, असे त्याला खरोखरच वाटे. त्याची बायको रेवताबाई. तलावात तिच्या हाताइतके झपाट्याने शिंगाडे तोडणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. कागदांविषयी तिचे मत काय होते ते इथे छापता येण्याजोगे नाही.

अडचण एवढीच होती की शिंगाड्याला वाचता येत नाही. दिवाळीच्या सुमारास तो पिकतो, दहा-बारा दिवस वेलीवर वाट पाहतो, आणि कोणी आले नाही तर आपण होऊन देठ सोडतो आणि तळाच्या चिखलात जाऊन बसतो. १९८० साली अकरावा कागद केवळरामच्या हातात पडला तेव्हा मार्गशीर्ष लागला होता आणि टोल्याचे वर्षाचे पीक चिखलात गेले होते. वर एक नोटीस आली की यापुढे एकही मनुष्य विनापरवाना पाण्यात आढळला तर तलावाचा ठेका रद्द करण्यात येईल. तलाव गेला की डोंगाटोल्यात उरतो फक्त टोला. त्या वर्षी तेवीस घरांनी कशी गुजराण केली हे केवळरामने पाहिले होते, आणि कागदांवरच्या त्याच्या प्रेमाला तिथे पहिला तडा गेला. तो तडा त्याने कोणाला दाखवला नाही.

आणि मग १९८१ साली, पावसाळ्यात, वरून परिपत्रक आले. इतके सुंदर परिपत्रक केवळरामने जन्मात वाचले नव्हते. 'जनतेला होणारा कागदांचा त्रास भरीव प्रमाणात कमी करावा. मात्र जनतेचे संरक्षण यत्किंचितही कमी होऊ देऊ नये.' केवळरामने ते घरी मोठ्याने वाचून दाखवले. 

"म्हंजे यंदा शिंगाडे घरात येतीन?" रेवताबाईने विचारले.

"येतीन म्हंजे! सरकारनंच म्हटलं न, त्रास कमी करा."

"मंग कमी कराले कागद कायले पाठवला?"

केवळरामने परिपत्रक उलटून मागची बाजू पाहिली.

परिपत्रकाची अंमलबजावणी करण्यासाठी एका कचेरीत सुलभीकरण कक्ष उघडला. (कचेरीचे नाव घेत नाही. नाव घेण्यासाठी परवानगी लागते आणि ती देणारे साहेब सध्या दुसऱ्या कचेरीत आहेत.) कक्षासाठी एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कपाट मंजूर होण्यास फक्त तेवीस सह्या लागल्या. कक्षाचे प्रमुख घनश्यामबाबू हे अतिशय सज्जन गृहस्थ होते. लोकांचा त्रास कमी करावा म्हणून ते सकाळी सर्वांच्या आधी कचेरीत येत आणि संध्याकाळी सर्वांच्या नंतर जात. मधल्या काळात त्यांना भेटायला आलेल्या लोकांची रांग लागलेली असे.

घनश्यामबाबूंनी सर्व खात्यांची बैठक बोलावली. केवळरामला जनतेचा प्रतिनिधी म्हणून दाराजवळ बसवले होते. त्याला बोलण्याचा अधिकार नव्हता, परंतु मान हलवण्यास हरकत नव्हती. यादीतल्या बारा वस्तू एकेक करून वाचण्यात आल्या. प्रत्येक कागदाला त्याचे खाते होते आणि प्रत्येक खात्याने उभे राहून सांगितले की हा कागद काढल्यास जनतेचे संरक्षण धोक्यात येईल. शिंगाडा मासोळी नसल्याचे पत्र काढले आणि उद्या शिंगाडा मासोळी निघाला, तर जबाबदार कोण, असे एका साहेबांनी विचारले तेव्हा सभा गंभीर झाली. केवळरामनेही मान हलवली. मुद्दा बिनतोड होता.

अकरा कागद असे सुखरूप पार पडले. बारावी वस्तू आली, दोर आणि ट्यूब. घनश्यामबाबूंनी तीनदा विचारले, याच्या बाजूने कोणास काही बोलायचे आहे काय? दोराला खाते नव्हते. ट्यूब एका ट्रकची होती आणि ट्रक केव्हाच भंगारात गेला होता. कोणीच उठले नाही. दोर आणि ट्यूब रद्द करण्यात आली. बारापैकी एक वस्तू कमी झाल्यामुळे त्रासातली कपात आठ पूर्णांक तीन दशांश टक्के भरली, जी शेजारच्या तालुक्यांपेक्षा जास्त होती. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी शिपाई सायकलवर डोंगाटोल्याला आला आणि दोर-ट्यूब घेऊन गेला. जाताना त्याने पोचपावती दिली.

दसऱ्याच्या आधी घनश्यामबाबू स्वतः पाहणीला आले. तलाव हिरव्या वेलींनी भरला होता, पंधरा-वीस दिवसांत शिंगाडा पिकणार होता. केवळरामने काठावर सतरंजी अंथरली, चहा आणला. रेवताबाई चार बाया घेऊन आली आणि उभीच राहिली.

"बारा चिजीत एकच कामाची होती," ती म्हणाली, "तेच उचलून नेली तुमी. आता कोनी बुडाला त त्याच्याकडं का ठराव फेकाचा?"

"रेवता, सायेबासंगं असं बोलतेत का?" केवळराम कळवळला.

"बोलू द्या," घनश्यामबाबू म्हणाले. बाईचे म्हणणे त्यांना लागले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अठरा वर्षांच्या नोकरीत न विचारलेला प्रश्न विचारला. "बाई, सरकार नव्हतं तेव्हा तुम्ही लोक जीव कसा सांभाळत होते?"

बाया पुढे सरकल्या. त्यांच्यात सखाबाई म्हणून एक होती, साडेचार फूट उंच, पाण्यात मासोळीसारखी. ती म्हणाली, "आमी कंबरभर पान्यातच जातो जी. कंबरेच्या वर लागलं का पाय वापस. मांगं मुरारी कंबरेच्या वर गेला म्हनून फसला. माह्या मायनं शिकवलं मले, तिच्या मायनं तिले."

डोंगाटोल्यात पाणी फुटांनी मोजत नाहीत. घोटाभर, पिंडरीभर, मांडीभर, कंबरभर, छातीभर, गळाभर आणि त्यानंतर डुबाव, असे हे माप असते. घनश्यामबाबूंनी ते डायरीत उतरवून घेतले. ज्याला कागद लागत नाही, शिक्का लागत नाही, जो प्रत्येक नागरिक सदैव आपल्या अंगावर बाळगतो, असा नियम त्यांनी प्रथमच पाहिला होता. जागेवरच त्यांनी मसुदा केला. 'कंबरभर पाण्यापर्यंत उतरणाऱ्यास कोणताही कागद लागणार नाही. त्यापुढे पूर्वीप्रमाणे अकरा कागद लागतील.'

केवळरामच्या डोळ्यांत पाणी आले. तलावातले सगळे शिंगाडे कंबरभर पाण्यातच होते. संरक्षण शंभर टक्के शाबूत आणि त्रास शून्य! त्या रात्री टोल्यात मासोळी-भात झाला आणि घनश्यामबाबूंच्या नावाने मुरारीने गाणे रचले. ते फार लांब होते.

मसुदा वर गेला. आठ दिवसांनी परत आला. समासात लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते: 'कंबर कोणाची?'

घनश्यामबाबूंनी उत्तर लिहिले, 'ज्याची त्याची.' चार दिवसांनी पुन्हा लाल शाई. 'कायदा सर्वांना समान असतो. प्रत्येक नागरिकास वेगळी कंबर देता येणार नाही. प्रमाण कंबर निश्चित करून कळवावे.' घनश्यामबाबू अस्वस्थ झाले, पण मुद्द्यात त्यांना खोट काढता येईना. केवळरामलाही काढता आली नाही. त्याने घरी येऊन सांगितले की एकच कंबर ठरली की झाले, फक्त एका कमरेचा प्रश्न आहे.

"माही घेऊन जा म्हनावं," रेवताबाई म्हणाली. "रोजच्या कामानं मोडूनच गेली आहे."

मोजणी सुरू झाली. तलावात उतरणार होत्या बाया, पण बायांच्या कमरा मोजायला कचेरीतला एकही कर्मचारी तयार झाला नाही, आणि जो एकजण तयार झाला त्याला रेवताबाईने एकदा पाहिल्यावर तोही तयार राहिला नाही. म्हणून कचेरीतल्या नऊ पुरुषांच्या, जमिनीपासून कमरेपर्यंत, उंच्या घेण्यात आल्या. सरासरी तीन फूट चार पूर्णांक सात दशांश इंच निघाली. पण या मापाची कंबर कचेरीत कोणाकडेच नव्हती, आणि सरासरी पाण्यात उभी करता येत नाही. शेवटी संरक्षणाचे तत्त्वच कामी आले. संरक्षण जितके मोठे तितके चांगले. सबब कंबर जितकी उंच तितके संरक्षण उंच. कचेरीत सर्वांत उंच कंबर शिपाई भैय्यालाल याची होती, तीन फूट नऊ इंच.

भैय्यालाल शहापूरचा. सहा फूट दोन इंच उंच, हायवेच्या कडेला वाढलेला. बादलीपेक्षा खोल पाण्यात तो आयुष्यात उतरला नव्हता. त्याला 'प्रमाण कंबर' म्हणून अतिरिक्त कार्यभार देण्यात आला. (भत्ता नाही.) पूर्वपरवानगीशिवाय आपली उंची बदलणार नाही, कर्तव्यावर असताना वाकणार नाही, आणि चप्पल घालणार नाही, असे बंधपत्र त्याच्याकडून घेण्यात आले. त्याने तलावात चालत जायचे, पाणी कमरेला टेकले की थांबायचे आणि तिथे बांबूची खुंटी ठोकायची. खुंट्यांच्या अलीकडे जनता मोकळी, पण खुंट्या ठोकेपर्यंत कोणीच उतरायचे नाही. केवळरामने खुंट्या स्वतः तासून ठेवल्या, एकशे चाळीस.

सखाबाई तेवढ्यात एक गोष्ट बोलली. ती भैय्यालालच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि आपला हात त्याच्या कमरेपासून आडवा स्वतःकडे आणला. हात तिच्या हनुवटीच्या खाली टेकला.

"सायेब, याची कंबर म्हंजे माहा गळा होय."

"सखाबाई," घनश्यामबाबू समजुतीने म्हणाले, "नियमाप्रमाणे ती आता तुमची पण कंबरच आहे."

सखाबाईने केवळरामकडे पाहिले. केवळरामने मान हलवली, पण खाली पाहत. इतकी वर्षे तो मान हलवत आला होता. ती खाली पाहून हलवायची वेळ प्रथमच आली.

तरी सर्व सुरळीत झाले असते. पण चांगल्या सुधारणेची कीर्ती पसरतेच. बपेऱ्याकडच्या एका तलावाने कंबर मागवली. मागणी डावलता येईना, कारण कंबर शासकीय होती. सोमवारी-मंगळवारी डोंगाटोला, बुधवारी प्रवास, गुरुवारी-शुक्रवारी बपेरा, असा कमरेचा दौरा आखण्यात आला. पहिल्याच सोमवारी भैय्यालालला टोल्यातल्या लोकांनी इतके जेवू घातले की मंगळवारी तो उठलाच नाही. मग तो बपेऱ्याला गेला. तिकडे उभा राहून राहून त्याला पडसे झाले. फलकावर लागले, 'कंबर रजेवर आहे.' केवळराम सायकल मारत कचेरीत गेला आणि प्रभारी कंबर मिळेल काय असे विचारले. दुसऱ्या क्रमांकाची कंबर साडेतीन फुटांची होती. ती लावल्यास संरक्षण तीन इंचांनी घटले असते, म्हणून विनंती अमान्य झाली.

इकडे शिंगाडा पिकला. वेली पिवळटल्या, पाने सैल झाली. रेवताबाई रोज सकाळी काठावर बसून पाण्याकडे पाही. हाताच्या अंतरावर वर्षाचे पीक, आणि हात लावायचा नाही. केवळराम शेजारी जाऊन बसला तरी ती बोलत नसे. तिने भांडावे म्हणून तो मुद्दाम परिपत्रकाचा विषय काढी, तरीही ती बोलत नसे. याला मात्र तो खरोखर घाबरला.

शेवटी एका बुधवारी, प्रवासाचा दिवस रद्द करून, कंबर आली. पाठोपाठ घनश्यामबाबू नोंदवही घेऊन आले. सगळा टोला काठावर जमला. तोडणाऱ्या बाया आपापली मडकी घेऊन सज्ज होत्या. (दोन उपडी मडकी बांबूला बांधतात आणि त्यावर छाती टेकून तरंगत वेलींमधून फिरतात. ही मडकी कोणत्याही नियमात नाहीत, कारण ती आजवर कोणाच्या लक्षात आलेली नाहीत. कृपया वाच्यता करू नये.) भैय्यालालने कपाळाला हात लावून तलावाला नमस्कार केला, पायजमा दुमडला आणि उतरला. घनश्यामबाबू मोठ्याने नोंद घेऊ लागले. "घोटा. पिंडरी. गुडघा. मांडी..."

तलावाच्या त्या बाजूला घरांना माती लागते म्हणून लोकांनी खणलेला एक जुना खड्डा होता. डोंगाटोल्यात शेंबड्या पोरालाही तो माहीत होता, म्हणूनच तो सांगावा असे कोणाच्या मनात आले नाही.

"मांडी," घनश्यामबाबूंनी पुन्हा म्हटले आणि मान वर केली. भैय्यालाल नव्हता. त्यांनी शिस्तीने पुढचे लिहिले: 'सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. प्रमाण कंबर दिसून येत नाही.'

"दोर!" केवळराम ओरडला, आणि सगळ्यांनी खुंटीकडे पाहिले. खुंटी तेवढी होती. पाण्यातून एक लांबलचक हात वर आला, हवेत काहीतरी शोधू लागला आणि परत खाली गेला. आणि आता नियमाची खरी कसोटी लागली. जिथे प्रमाण कंबर बुडते तिथले पाणी कमरेच्या वरचे असते, ही गोष्ट खुद्द कमरेनेच सिद्ध केली होती. अशा पाण्यात उतरण्यास अकरा कागद लागतात, नाहीतर ठेका रद्द. केवळरामच्या बगलेत फाईल होती. त्याने ती उघडली. सवयीने उघडली, हे त्याला नंतर आयुष्यभर सलत राहिले. पोहता येत असल्याचा दाखला त्याच्या हाताला लागला, तोवर त्याच्या बाजूने रेवताबाई धावत गेली होती.

सखाबाई त्याआधीच पाण्यात होती. तिने मडकी पुढे ढकलली, बुडी मारली आणि त्या साडेचार फुटांच्या बाईने सहा फूट दोन इंचांचा शिपाई खालून ढोसत वर आणला. रेवताबाईने त्याचे केस धरले. भैय्यालालने एका हाताने मडक्यांना आणि दुसऱ्या हाताने सखाबाईच्या मानेला अशी मिठी मारली की दोघेही पुन्हा खाली जाऊ लागले. मग केवळरामने फाईल भिरकावली आणि उडी घेतली. त्याच्या मागे मुरारी, त्याच्या मागे सगळा टोला, म्हातारे, पोरे, एक कुत्रा. आणि नोंदवही छातीशी धरून, बूट-मोज्यांसह, "अरे भैय्यालाल, अरे भैय्यालाल" करत स्वतः घनश्यामबाबू मांडीभर पाण्यात! अठरा वर्षांची नोकरी त्या एका क्षणी त्यांच्या डोक्यातून साफ गेली होती.

कंबर बाहेर आली. पालथी घातली, पाठीवर थापट्या दिल्या, तेव्हा तिने तलावाचा बराच भाग परत केला आणि डोळे उघडून विचारले, "माही नोंद झाली का जी?" सगळा टोला चिंब भिजून हसत सुटला. रेवताबाई हसता हसता रडत होती. बऱ्याच दिवसांनी ती केवळरामशी बोलली. म्हणाली, "तुमी पान्यात आले न, हेच बेस झालं." केवळरामला अकरा कागद एकदम मिळाल्यावरही इतके बरे वाटले नव्हते.

घनश्यामबाबू बूट काढून पाणी ओतत होते. बुटातले पाणी संपले तशी त्यांची नोकरी हळूहळू परत आली. भिजलेली नोंदवही उघडून त्यांनी हिशेब मांडला. विनापरवाना कमरेच्या वरच्या पाण्यात उतरलेले: एकशे सात. ठेका रद्द.

"सायेब," केवळराम म्हणाला. त्याने या वेळी मान हलवली नाही. "मानूस वाचवला आमी."

"मला दिसलं, केवळरामजी. मी तिथंच होतो." घनश्यामबाबूंनी नोंदवही मिटली. त्यांनी मनापासून नियम चाळले. रात्रभर चाळले. आणि पहाटे त्यांना वाट सापडली, कारण संरक्षणाच्या प्रत्येक नियमात सज्जन माणसासाठी एक बारीक वाट ठेवलेली असते. जीव वाचवण्यासाठी केलेला पाणीप्रवेश माफ होतो, ठेका शाबूत राहतो, एवढेच नव्हे तर दुसऱ्या दिवसापासून तोडणीही सुरू करता येते. त्यासाठी एकच फॉर्म लागतो. त्यावर एकच सही लागते, साक्षीदाराची. साक्षीदार असा हवा की जो सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होता, ज्याने सर्व काही नीट पाहिले, आणि तरी ज्याने हात पुढे केला नाही व ज्याच्या पायाला पाणी लागले नाही.

केवळरामने टोला पालथा घातला. डोंगाटोल्यात असा एकही माणूस निघाला नाही. म्हातारी जनाबाई अंथरुणाला खिळलेली होती, ती तरी कोरडी असेल म्हणून विचारले, तर तीही काठापर्यंत रांगत जाऊन हात पुढे करून आल्याचे कळले. कुत्रा कोरडा नव्हताच. घनश्यामबाबूंचे मोजे अजून वाळत होते. शिंगाड्याला आता फक्त चार दिवस उरले आहेत.

तेव्हा फॉर्म आपल्यासमोर ठेवीत आहोत. घाबरण्याचे कारण नाही, आपली पात्रता तपासून झालेली आहे. आपण पहिल्या ओळीपासून हजर आहात. दोर नेला तो आपण पाहिला, सखाबाईचा हात हनुवटीखाली टेकला तेही पाहिले, आणि भैय्यालाल खड्ड्यात गेला तेव्हा तर आपण हसलात. या सबंध काळात आपले पाय पूर्ण कोरडे होते. इतका निर्दोष साक्षीदार शासनाला क्वचितच लाभतो. सही खाली, उजव्या कोपऱ्यात करावी. सही करण्यापूर्वी आपणास विचार करायचा असल्यास, इतर कोणाला विचारायचे असल्यास, किंवा हे आपले काम नव्हे असे वाटत असल्यास सावकाश करावे, घाई नाही. शिंगाडे चिखलात पडत आहेत. ते तिथून कुठे जाणार नाहीत.